बिनविरोध गुरुनाथकाका

गुरुनाथकाका दुसऱ्याच्या घरातले दिवे बंद करतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. तुमच्याकडे जेवायला आले की हात धुऊन परत येईपर्यंत बाथरूमचा, पॅसेजचा, जिन्यावरचा, दिसेल तो दिवा घालवत येतात. एकदा आमच्या यतीनला त्यांनी अर्ध्या आंघोळीत अंधारात ठेवलं. तो आतून ओरडला, तर वर हेच म्हणाले, "आत कोणी असेल तर आवाज द्यायचा ना आधी!"

यतीन म्हणजे माझा नवरा. मी नेत्रा, माहेर नागपूरचं, राग लवकर येतो आणि तो लपवायची मला सवय नाही. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला लागून आमचं टाऊनशिप आहे. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, उगाच शाळेची बदनामी नको. गुरुनाथकाका आणि शुभाकाकू आमच्या समोर राहतात, कोपऱ्यावरच्या घरात. काका मूळचे सांगलीचे, औषधांच्या कंपनीत क्वालिटी बघायचे, आता रिटायर झालेत. पण नजर अजून तीच. तुमच्या लॉनवर नजर टाकून सांगतील, पाणी जास्त होतंय.

आमच्या महाराष्ट्र मंडळात आजवर एकदाही मतदान झालेलं नाही, आणि याचं श्रेय एकट्या काकांचं. निवडणूक जवळ आली की ते इस्त्रीचा शर्ट घालतात, एक नारळ आणि काकूंच्या हातच्या चिवड्याचं पाकीट घेतात आणि ज्याच्या ज्याच्या मनात उभं राहायचं असेल त्याच्या घरी जातात. बिनसाखरेचा चहा घेतात. मुलांची चौकशी करतात. मग सोफ्यावर जरा पुढे सरकून म्हणतात, "या वर्षी तुम्ही थांबा. पुढच्या वर्षी अध्यक्ष तुम्हीच." माणूस थांबतो. सभेत काका नावं वाचतात, कोणाची हरकत आहे का विचारतात, दोन सेकंद सगळीकडे बघतात आणि जाहीर करतात, सर्वानुमते! कोणी बोललं नाही म्हणजे सगळ्यांचा होकार, असा त्यांचा साधा हिशेब आहे. मी एकदा हरकत घ्यायला हात वर केला होता, तर त्यांनी मला पाणी आणून दिलं.

शुभाकाकूंची गंमत वेगळी. त्या इथल्या प्राथमिक शाळेत लंच एड आहेत. म्हणजे मधल्या सुट्टीत कॅफेटेरियात उभं राहायचं, पोरांचे डबे उघडून द्यायचे, सांडलेलं दूध पुसायचं, रडणाऱ्याला हसवायचं. काम तेवढंच, पण काकूंचा सगळा दिवस त्यावर उभा असतो. कोणाला कशाची ॲलर्जी, कोण सफरचंदाची सालं टाकतं, कोणाच्या घरी नवीन बाळ आलंय, सगळं त्यांना ठाऊक. आमची अनिका आठ वर्षांची आहे. तिच्या थर्मॉसचं झाकण माझ्याच्याने उघडत नाही, काकूंच्याने उघडतं. सुपरमार्केटमध्ये काकूंबरोबर जाणं म्हणजे वैताग आहे बघा. भाजी घ्यायला गेलं तरी पोरं पळत येऊन त्यांच्या पायांना मिठी मारतात, 'मिस शुभा, मिस शुभा' करतात, आणि काकू प्रत्येकाला विचारत बसतात, आज डबा संपवला का.

आता टॅक्सचं. आमच्याकडे घराचा जो प्रॉपर्टी टॅक्स असतो त्यातला मोठा वाटा शाळांना जातो. बिल आलं की काका दोन दिवस कोणाशी बोलत नाहीत. मुलं शाळेत असणाऱ्या आम्हा लोकांना तो परवडतो असं नाही, पण निदान शाळेतून तरी तो वसूल होतो. काकांचा मुलगा राजस कधीच शिकून तिकडे जॉर्जियात, अल्फारेटाला गेला. तो दर रविवारी फोनवर एकच टुमणं लावायचा: बाबा, घर विका आणि इकडे या, इकडे सीनियर लोकांना शाळेच्या टॅक्समध्ये सूट मिळते, आमच्या बेसमेंटमध्ये मस्त सोय आहे. काका म्हणायचे, पुढच्या वर्षी टॅक्स वाढला तर विकूनच टाकतो. काकू तेव्हा काही बोलायच्या नाहीत. उठून कणीक मळायला लागायच्या. मला समोरच्या खिडकीतून दिसायचं, रविवारी किती पोळ्या होतात त्या घरात.

त्यातच शाळेच्या बोर्डाने टूम काढली, हायस्कूलच्या मैदानावर प्लास्टिकचं गवत घालायचं. काका हे ऐकून खुर्चीतून उठलेच. गवत उगवायला पैसे लागतात हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकतोय, म्हणाले. आणि त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं, स्कूल बोर्डच्या निवडणुकीला उभं राहायचं. खर्च आवरायचा, टॅक्स थांबवायचा, घर वाचवायचं. बोर्डाची एक जागा मधेच रिकामी झाली होती आणि तिच्यासाठी कोणीच उभं राहत नव्हतं. काकांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. इथेही बिनविरोध!

प्रचाराचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला मत देता येत नाही, हे आधी सांगते. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही इतके मागे आहोत की अनिकाचं लग्न आधी होईल. टॅक्स मात्र पूर्ण भरतो, त्याला कोणी व्हिसा विचारत नाही. जाऊ दे, तो विषय काढला की माझं डोकं फिरतं. तर मत नाही, निदान पत्रक तरी टाइप करू, म्हणून मी बसले. काका मागे हात बांधून फेऱ्या मारत सांगत होते. प्लास्टिकचं गवत नको. ऑफिसात नवीन माणसं नकोत. आणि तिसरं, दुपारच्या जेवणाला देखरेखीची माणसं कमी करा, डबे उघडायला पगारी माणसं कशाला?

माझी बोटं थांबली. मी विचारलं, काका, हे काकूंना दाखवलंत का?

"तिला काय दाखवायचं? ती घरचीच आहे," काका म्हणाले. वर मला समजावलं की तिचे गुडघे दुखतात, तेवढाच आराम होईल, तिला आवडेलच. मी कपाळाला हात लावला. पण ऐकतील तर ते काका कसले! इस्त्रीचा शर्ट, नारळ, चिवडा घेऊन ते महिनाभर गावभर हिंडले. मराठी, तेलुगू, गुजराती, आयरिश, कोणालाही सोडलं नाही. प्रत्येकाच्या सोफ्यावर पुढे सरकून त्यांनी एकच विचारलं, मी उभा राहतोय, तुमची काही हरकत? हरकत कोणाचीच नव्हती. चिवडा सगळ्यांनाच आवडला.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी काका काउंटीच्या ऑफिसात फोन करून बसले होते, बिनविरोध झालो हे अधिकृत ऐकायला. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, नाही, आत्ताच आणखी एक अर्ज आलाय. काकांनी नाव विचारलं. तिने नाव-पत्ता वाचला. काका म्हणाले, तुम्ही चुकून पत्ता माझाच वाचताय. ती म्हणाली, नाही, पत्ता दोघांचाही एकच आहे.

शुभाकाकू उभ्या राहिल्या होत्या. अर्जावर सह्या लागतात त्या त्यांनी सुपरमार्केटच्या दारात पोरांच्या आयांकडून घेतल्या होत्या. ऑफिसात जायला गाडी काकांचीच घेतली होती, आणि जाताना सांगूनही गेल्या होत्या, जरा बाहेर जाऊन येते. काकांनी विचारलं नव्हतं कुठे.

गावात जो काही हसण्याचा सुकाळ झाला म्हणता! मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोकांनी दोन दिवस दुसरं काही लिहिलं नाही. राजसचा अल्फारेटाहून फोन, आई-बाबा तुमचं ठीक आहे ना? काकू म्हणाल्या, अगदी ठीक आहे, आज वांग्याची भाजी केली आहे. काका मात्र भुतासारखे घरात फिरत होते. त्यांना राग आला होता असं नाही, त्यांना काही कळतच नव्हतं. मला येऊन म्हणाले, अगं, घरात फूट पडली. मी म्हटलं, काका, तुम्हीच पाडली. तेव्हा माझ्यावर चिडले आणि जाताना आमच्या ओट्यावरचा दिवा घालवून गेले.

गोष्ट अशी होती की लंच एड बोर्डावर बसू शकत नाही. शाळेचा पगार घ्यायचा आणि शाळेच्या खर्चावर मतही द्यायचं, असं चालत नाही. म्हणजे काकू निवडून आल्या तर त्यांना कॅफेटेरिया सोडावा लागणार होता. हरल्या तर काका निवडून येणार आणि कॅफेटेरियातली माणसं कमी करा म्हणणार. आणि टॅक्स वाढला तर घर विकून अल्फारेटाचं बेसमेंट. कोणत्याही बाजूने बघितलं तरी काकूंचंच काही ना काही जाणार होतं. हे मला जेव्हा नीट कळलं, तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून रडून घेतलं.

काकू मात्र कामाला लागल्या होत्या. काकांनी पाट्या छापून आणल्या, निळ्या, ठसठशीत, पैसे मोजून. काकूंनी गॅरेजमधून मंडळाच्या जुन्या गणपतीच्या पाट्या काढल्या, उलट्या केल्या आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रंगाने नाव लिहिलं. एकाच लॉनवर दोन उमेदवार, मधे कारल्याचा वेल. येणारे-जाणारे गाडी थांबवून फोटो काढायचे. काकांना त्या पाट्या बघून पहिल्यांदा धक्का बसला. खर्च आवरण्याच्या बाबतीत आपल्याला कोणी मागे टाकेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मला हळूच म्हणाले, शून्य खर्च, बघ ना. आवाजात अभिमान होता, तो त्यांना लपवता आला नाही.

ऑक्टोबरमध्ये शाळेच्या लायब्ररीत उमेदवारांची सभा झाली. छोट्या खुर्च्या, त्यावर मोठी माणसं. काका तयारीने बोलले, गवतावर टाळ्या घेतल्या, टॅक्सवर म्हाताऱ्यांच्या टाळ्या घेतल्या. मग कोणीतरी काकूंना विचारलं की तुमच्यात आणि तुमच्या मिस्टरांच्यात फरक काय. काकू उभ्या राहिल्या. प्लास्टिकचं गवत मलाही नकोय, म्हणाल्या, उधळपट्टी मलाही चालत नाही. पण कुठे हात आखडायचा हे ठरवण्याआधी ज्याच्या ताटातलं जाणार त्याला विचारायला हवं. माझे मिस्टर चांगले आहेत, गावातल्या प्रत्येक घरी जाऊन त्यांनी विचारलं, हरकत आहे का. फक्त एका घरी गेले नाहीत.

हसायला आलेले लोक हसले नाहीत. काका समोरच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत बसले. घरी जाताना दोघं एकाच गाडीतून गेले, कारण दोन गाड्या नेणं काकांना पटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूंच्या स्वयंपाकघरात पाट्यांना काड्या बांधत होते. हो, तोवर मी पक्ष बदलला होता, आणि काकांना तोंडावर सांगून बदलला होता. बेल वाजली. पुढच्या दाराची. काका-काकू गॅरेजमधून ये-जा करतात, पुढचं दार फक्त पाहुण्यांसाठी. मी जाऊन उघडलं, तर बाहेर काका. इस्त्रीचा शर्ट. एका हातात नारळ, एका हातात चिवड्याचं पाकीट. मला म्हणाले, काकू आहेत का घरात?

मला हसू फुटत होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं. काकू हात पुसत बाहेर आल्या. काका स्वतःच्याच सोफ्यावर पाहुण्यासारखे टोकाला बसले. मी निघायला लागले तर काकू म्हणाल्या, थांब, तूही बस. चहा झाला, बिनसाखरेचा. चिवड्याचं पाकीट काकूंनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या की हा माझाच आहे. काका म्हणाले, हो, दुसरा कुठून आणणार. मग सवयीने पुढे सरकले, तोंड उघडलं, 'या वर्षी तुम्ही थांबा' हे ओठांवर आलं असणार, आणि तिथेच अडकले. नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"शुभा," ते म्हणाले, "तुला अल्फारेटाला जायचंय का?"

"नाही," काकू म्हणाल्या.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि मी गप्प बसले की तुम्ही सर्वानुमते म्हणून मोकळे होता."

काकांनी नारळ टीपॉयवर ठेवला. मला त्यांची दया आली, खरंच आली, कारण हा सगळा खटाटोप त्यांनी तिच्यासाठीच केला होता. टॅक्स थांबला तर घर राहील आणि घर राहिलं तर ती राहील, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. ते तसं बोललेही, तुटक तुटक. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की राजसची वरची खोली कधीपासून रिकामी पडली आहे. युनिव्हर्सिटीत रिसर्च करणारी एक मुलगी, चैत्राली, मंडळात येते, ती भाड्याने खोली शोधतेय. टॅक्सला तेवढा हातभार लागेल. हे त्यांनी म्हणे आधीच ठरवून ठेवलं होतं, कोणी विचारण्याची वाट बघत होत्या.

काका म्हणाले, मी जाहीर करतो सगळ्यांना, की मला मत देऊ नका. तुला बिनविरोध करून टाकतो. बोलताना त्यांच्या तोंडावर इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तेज आलं.

"मुळीच नाही," काकू म्हणाल्या. "मंडळात इतकी वर्षं गेली, माझं मत कोणी मोजलं नाही. एकदा तरी निवडणूक होऊ दे."

आणि झाली. नोव्हेंबरात दोघं एकाच गाडीतून मत द्यायला गेले. मी नेऊन सोडलं आणि पार्किंगमध्ये बसून राहिले, कारण मला आत जाऊन काय करायचं होतं! काकांनी कोणाला मत दिलं हे त्यांनी आजवर सांगितलेलं नाही, आणि काकूंनी विचारलेलंही नाही. काकू चांगल्या फरकाने जिंकल्या. काका म्हणतात, तिचे मतदार लहान होते, त्यांनी आईबापांना घरात सतावलं. त्यात तथ्य आहे. अनिकाने शेजारच्या मिसेस कॅलहनना फुटपाथवर गाठून सांगितलं होतं, "मिस शुभा ओपन्स माय थर्मॉस." याच्यापुढे गवताचं काय चालणार?

जानेवारीत शपथ घेण्याआधी काकूंनी शाळेचा ॲप्रन परत केला. त्या दिवशी त्या घरी येऊन मुकाट्याने पोळ्या लाटत बसल्या. काका शेजारी उभे राहून बघत होते. या वेळी मात्र त्यांनी विचारलं, काय झालं. काकूंनी सांगितलं की नवीन माणूस मिळेपर्यंत तिथे कोणी नाही, किंडरगार्टनच्या पोरांचे डबे तसेच राहतात. पुढच्या सोमवारपासून काका कॅफेटेरियात जायला लागले. पगार नाही, व्हॉलंटियर. बोर्डावरच्या बाईच्या नवऱ्याला पगार देता येत नाही, आणि ही गोष्ट काकांना फारच पसंत पडली. शाळेचा एक पैसा खर्च होत नाही, हे ते भेटेल त्याला सांगतात. पोरं त्यांना मिस्टर शुभा म्हणतात. सुरुवातीला झाकणं उघडता येईनात, तेव्हा घरी काकूंकडे सराव केला. अनिकाचा थर्मॉस आता त्यांच्याच्याने उघडतो.

वसंतात बजेटची सभा झाली, लोकांनी येऊन बोलायची. काकू समोर बोर्डाच्या रांगेत बसल्या होत्या, चष्मा नाकावर, पुढ्यात कागदांचा ढीग. काका माइकपाशी गेले. तिथे आधी नाव आणि पत्ता सांगायची पद्धत आहे. काकांनी नाव सांगितलं, हिकरी लेन, कोपऱ्यावरचं घर सांगितलं, आणि मग थांबून म्हणाले की आम्ही तिथेच राहणार आहोत, हेही लिहून घ्या. काकूंनी मान वर केली नाही, पण कागद उलटायच्या थांबल्या. मग काका गवतावर घसरले आणि वेळ संपल्याची घंटा वाजली तरी बोलत राहिले. गवत त्या रात्री नामंजूर झालं. लंच एड राहिल्या. टॅक्स वाढला, थोडा, पण वाढला, आणि काका दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. चैत्रालीला वाटलं आपलंच काही चुकलं, तिला मी समजावून सांगितलं.

पण हे नंतरचं. सभा संपली त्या रात्री सगळे निघाले, मी आणि काका शेवटी दारापाशी उभे होतो. सवयीने काकांचा हात दिव्याच्या बटणावर गेला. मी म्हणणार होते, काका, थांबा. पण ते आपणच थांबले. मान आत घालून त्यांनी विचारलं, "आत कोणी आहे का?"

"मी आहे," काकू आतून म्हणाल्या. त्या कागद गोळा करत होत्या. काकांनी हात बटणावरून काढला, खिशात घातला आणि त्या येईपर्यंत दार धरून उभे राहिले.